सपाटीवरच्या काकू

रस्त्यावरून चालताना काकू सरळ कधी चालल्याच नाहीत. विजेचा खांब आला की त्याच्यापासून लांब, नारळाचं झाड आलं की रस्ता ओलांडून पलीकडे, बांधकामाची क्रेन दिसली की आल्या वाटेने मागे. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीपासून भाजीवाल्यापर्यंतचा रस्ता सरळसोट होता, पण काकू तो असा काही वाकडातिकडा चालायच्या की बघणाऱ्याला वाटावं, बाईंना चक्कर येतेय. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला.

"सोड गं. काही झालेलं नाही मला," त्या म्हणाल्या. "तो खांब बघितलास? खाली गंजलाय. पडला तर कुठवर पडेल?"

मी खांबाकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. "इथवर."

"मग तू इथे उभी का आहेस?"

मी साताऱ्याची. पवईच्या एका ऑफिसात नोकरी लागली आणि काकूंच्या घरातली एक खोली भाड्याने मिळाली. काकूंनी लग्न केलं नव्हतं. वडील मालवणहून येऊन गिरणीत लागलेले, आईवडील गेल्यावर या एकट्याच. साठी उलटलेली, अंगाने बारीक, केस आखूड कापलेले. गळ्यात सोन्याची साखळी आणि त्या साखळीबरोबर काळ्या दोऱ्यात एक शिटी. रेफरीची असते तसली. आंघोळीलाही ती गळ्यातच. "बाथरूममध्ये पाय घसरला तर तुला हाक ऐकू येईल? नाही येणार. शिटी येईल."

घर पहिल्या मजल्यावर होतं, आणि तेही विचार करून घेतलेलं. तळमजल्यावर पाणी शिरतं, दुसऱ्या मजल्यावरून पडलं की माणूस वाचेलच असं नाही. कुकर लावला की काकू मला घेऊन बाहेरच्या खोलीत बसायच्या आणि शिट्या झाल्या की दारातूनच लांब चिमट्याने गॅसचं बटण फिरवायच्या. झोपताना चपला पलंगाशी, तोंड दाराकडे करून ठेवलेल्या. धावत सुटायची वेळ आली तर पाय शोधत बसायला नकोत.

आयुष्यभर त्यांनी एका विमा कंपनीत नोकरी केली होती आणि त्यांच्या टेबलावर यायचे ते फक्त अपघाती मृत्यूचे दावे. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की चहा पुढ्यात ठेवून त्या म्हणायच्या, "लोक कशाने मरतात ते मला विचार." आणि मी विचारायच्या आतच सुरू. कॅलेंडर लावायला चाकाच्या खुर्चीवर चढलेला एक मुख्याध्यापक. गच्चीवर पापड वाळत घालताना मागे मागे सरकत गेलेली एक सून. शेंगदाणे वर उडवून तोंडात झेलणारा एक हवालदार. सांगताना त्यांचा आवाज शांत असायचा, आपण पोह्यांची कृती सांगतो तसा. ऐकताना माझ्या हातातला चहा मात्र गार व्हायचा. काही महिन्यांत माझी अशी अवस्था झाली की मीसुद्धा ऑफिसातल्या चाकाच्या खुर्चीत बसताना दोन्ही हातांनी टेबल धरायला लागले.

"काकू, तुमच्या स्वतःच्या बाबतीत कधी काही झालं होतं का?" एकदा मी विचारलं. सोसायटीत सगळ्यांना वाटायचं की काहीतरी झालेलं असणार. कुणी म्हणायचं भाऊ विहिरीत गेला, कुणी म्हणायचं ठरलेला नवरा गेला.

"काही म्हणजे काही झालेलं नाही," काकू म्हणाल्या. "भाऊ नव्हताच मला. आणि झालं नाही ते का झालं नाही? मी घाबरते म्हणून. आता तूच बघ, तू घाबरत नाहीस. तुझी मला काळजी वाटते."

मी घाबरत नव्हते हे खरं होतं. कॉलेजात असताना मी आमच्याकडचे सगळे गड पालथे घातले होते. मुंबईत आल्यावरही ऑफिसच्या ग्रुपबरोबर जाऊन यायचे. मी पाठीवर सॅक अडकवून निघाले की काकू दारात उभ्या राहून माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मला शेवटचं बघतायत. मी परत आले की डोक्यापासून पायापर्यंत एक नजर आणि मग, "हात धुऊन ये. जेवायला वाढते."

आणि तरीही, माझ्या ओळखीत सगळ्यात जास्त पायी भटकणारी व्यक्ती काकूच होत्या.

डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं होतं. रस्त्यावर गाड्या आणि खांब, बागेत झाडं आणि त्यांच्या फांद्या, डोंगरावर कडे. मग जायचं कुठे? काकूंनी शांतपणे विचार करून सपाटी शोधली होती. हायवेच्या पलीकडे, भांडुपपासून मुलुंडपर्यंत खाडीच्या कडेने मिठागरं पसरलेली आहेत. मधे मातीचे बांध, दोन्ही बाजूंना उथळ पाण्याचे चौकोन, त्यापलीकडे तिवरांचं रान आणि मग खाडी. "तिथे तुझ्या अंगावर पडेल असं काही नाही आणि तू जिच्यावरून पडशील अशी जागा नाही," काकू म्हणायच्या. "भीती फक्त पाण्याची आणि चिखलाची. चिखल जागेवरून हलत नाही आणि पाण्याला वेळापत्रक आहे. तिथी बघायची, भरतीची वेळ काढायची, त्याच्या आधी घरी. माणसांचं असं आहे का?"

दर रविवारी सकाळी त्या जायच्या. एवढंच नव्हे, वर्षातून एकदा कुठल्या ना कुठल्या सपाटीवर चालायला जायच्या. वसईकडच्या पाणथळी, डहाणूकडची खाजणं. एकदा ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीबरोबर कच्छला गेल्या होत्या. तिथे पवनचक्क्यांच्या रांगाच्या रांगा. बाकीचे सगळे त्या पांढऱ्या खांबांना पाठ लावून फोटो काढत होते आणि काकू लांब, शेतांच्या बांधावरून, प्रत्येक पवनचक्की आडवी पडली तर कुठवर येईल याचा अंदाज घेत, त्याच्याही बाहेरून वळसा घालून चालत होत्या. सहलीचा म्होरक्या त्यांना शोधून दमला. त्यांच्या कपाटावर त्या सहलीचा ग्रुप फोटो होता. त्यात काकू कुठे आहेत म्हणून विचारलं तर त्यांनी मागच्या क्षितिजाजवळच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

त्यांच्याबरोबर मिठागरात मी पहिल्यांदा गेले ती गंमत म्हणून. सपाट जमिनीवर चालायला भ्यायचं काय, असं मनात होतं. पण बांधावर शिरलो, हायवेचा आवाज मागे पडला आणि मला काहीतरी विचित्र वाटायला लागलं. डोंगरात माणसाच्या पाठीला काहीतरी असतं. खडक असतो, झाड असतं, निदान चढ तरी असतो. इथे चारी बाजूंनी उघडं. पाण्यात आभाळ पडलेलं, त्यामुळे खाली बघितलं तरी वर बघितल्यासारखं. लांबवर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ. कुणी आपल्याकडे बघत नाहीये हे स्वच्छ दिसत असतानाही कुणीतरी बघतंय असं वाटत राहायचं.

"वाटतंय ना?" मागून काकू म्हणाल्या. "वाटू दे. चांगलं असतं ते."

त्या नेहमी मागे, माझ्यापासून बरंच अंतर ठेवून चालायच्या. बांध खचला तर दोघी एकदम जायला नकोत म्हणून. आणि सारखं बोलत राहायचं, हा दुसरा नियम. बोलायला काही नसेल तर पाढे म्हणायचे. आवाज थांबला की समजायचं, काहीतरी झालं.

त्या सगळ्या सपाटीवर उंच म्हणावी अशी एकच गोष्ट होती. कुणा जुन्या मिठागरवाल्याने खाडीचं पाणी आत घ्यायला लोखंडी पवनचक्क्या लावल्या होत्या. बाकीच्यांचे नुसते चौथरे उरले होते, एक मात्र अजून उभी होती. चार पायांचा गंजका सांगाडा, बाजूने शिडीच्या सळया, वर पत्र्याची पाती. पंप केव्हाच गेला होता, पण वारा आला की पाती फिरायची आणि फिरताना एक आवाज करायची. लहान मूल रडून रडून दमलं की हुंदका देतं, तसा. काकू तिच्या जवळपासही फिरकायच्या नाहीत. तिच्या बाजूने जाणारा बांध जवळचा असूनही आम्ही लांबून जायचो.

"मेली ती आज ना उद्या पडणार," काकू म्हणायच्या. "मला तिचं तोंडसुद्धा बघवत नाही."

हे सगळं सांगितलं ते त्या रविवारसाठी.

थंडीचे दिवस होते. घरून निघालो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं, नाहीतर काकूंनी पाऊल बाहेर टाकलं नसतं. भरतीची वेळ त्यांनी काढलेली होती, त्याच्या खूप आधी आम्ही परत येणार होतो. अमावास्या जवळ होती, म्हणजे पाणी मोठं येणार हेही त्यांना ठाऊक होतं. बांधावरून बरंच आत गेलो आणि सूर्य वर यायला लागला, तसं पाण्यावरून धुकं उठलं. आधी गुडघ्याएवढं. मग बघता बघता कमरेएवढं. मी हसत मागे वळून काहीतरी बोलले, तर काकू मला छातीपासून वर तेवढ्याच दिसल्या. पुन्हा वळले तेव्हा तेवढ्याही दिसल्या नाहीत.

"परत फिरायचं," काकूंचा आवाज आला. "आत्ताच्या आत्ता. तू जागेवर वळ. मी पण वळते. आता मी पुढे, तू मागे. बोलत राहा."

मी पाढे म्हणायला लागले. पुढून काकू माझ्या पाठोपाठ तेच आकडे म्हणत होत्या. बांधांना फाटे फुटतात, ते एरवी सहज ओळखू यायचे. त्या पांढऱ्यात पायाखालच्या दोन पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. बरंच चाललो. हायवेचा आवाज जवळ यायला हवा होता, तो येईना. उलट तो हुंदका ऐकू यायला लागला. पवनचक्की. आम्ही खाडीच्या दिशेने आलो होतो.

"थांब," काकू म्हणाल्या. "चुकलो आपण."

मी थांबले. माझ्या वजनाने बांधाची कड नुसती बसली. आवाजसुद्धा झाला नाही. ओल्या केकचा तुकडा सुटावा तशी माती सुटली आणि मी मिठागराच्या उथळ पाण्यात नाही, पलीकडे खाडीच्या बाजूला घसरत गेले. हातात मोबाईल होता तो कुठे गेला कळलं नाही. पाय टेकले असं वाटलं आणि ते टेकलेच नाहीत. थंड, मऊ काहीतरी गुडघ्यावरून मांडीवर चढलं आणि तिथे थांबलं.

मी एक पाय उपसायला गेले. दुसरा आणखी खाली गेला.

"काकू!"

"हलू नको!" त्यांचा आवाज फाटला होता. "हलू नको गो चेडवा! अजिबात हलू नको!"

घाबरल्या की त्यांच्या तोंडात मालवणी यायची आणि मी पोरीची चेडू व्हायचे. बांधाच्या कडेला त्यांच्या पायांचा धूसर आकार दिसला. त्या कडेपर्यंत आल्या, चालताना हातात असायची ती काठी पुढे केली. ती माझ्यापर्यंत पोचत नव्हती. त्यांनी ओढणी सोडून काठीला बांधली. ती पोचली. मी धरली, त्यांनी ओढली आणि त्यांच्या पायाखालची माती सुटायला लागली. त्या मागे सरकल्या. तोंडाने सारखं "रे देवा म्हाराजा, रे देवा म्हाराजा" चाललं होतं.

मग त्यांनी आपला जुना बटणांचा फोन काढून मदतीचा नंबर लावला. तो संवाद मी खालून ऐकत होते. "मिठागरात... नाही हो, रस्ता नाहीये... सोसायटी कुठली? सोसायटी नाही इथे... खूण? पवनचक्की. अहो, पवनचक्की! मुलुंडलाच!" पलीकडचा माणूस बिचारा पुन्हा पुन्हा रस्त्याचं नाव विचारत होता. सगळ्या मुंबईत जिथे पत्ता नाही अशा जागी आम्ही उभ्या होतो. गाडी पाठवतो, हायवेला उभे राहा, असं तो म्हणाला.

तेवढ्यात मला निवटे दिसले. चिखलात राहणारे ते बोटाएवढे मासे, एरवी बिळाच्या तोंडाशी बसून असतात. ते सगळे माझ्या बाजूने टुणटुण उड्या मारत वर, बांधाकडे चालले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग मला कळलं की ते का चाललेत. चिखलाच्या भेगांतून पाणी वर येत होतं. लाट नाही, खळखळ नाही. ताटात ताक पसरावं तसं ते गपचूप पसरत होतं.

"काकू, पाणी येतंय."

त्यांनी काठी पुन्हा पुढे केली आणि तशीच मागे घेतली.

"काकू, तुम्ही खाली या ना. माझा हात धरा."

"मी आत येणार नाही," काकू म्हणाल्या. एक एक शब्द तोडून बोलल्या. "मी आत आले तर दोघी जाऊ. मी येणार नाही. मी जाते."

"कुठे?"

"कोणालातरी बघते."

"काकू, जाऊ नका. काकू!"

पावलं दूर गेली. पाढे नाहीत, हाक नाही. धुक्याचं एक असतं, कोण किती लांब गेलं ते कळत नाही. मी एकटी पडले. पाणी माझ्या कमरेला लागलं तेव्हा ते मला कोमट वाटलं, कारण चिखल त्याहून थंड होता. मी काकूंना हाका मारल्या, मग आईला. साताऱ्याला आई त्या वेळी देवपूजा करत असेल असं मनात आलं आणि मग मात्र मी मोठ्याने रडायला लागले. मला राग आला होता. भित्र्या बाईबरोबर आलो आणि भित्री बाई पळाली, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मग तो हुंदका थांबला. पवनचक्कीचा. कुणीतरी पात्याला हात लावल्यासारखा मधेच थांबला. आणि धुक्यातून, वरून, आभाळातून यावी तशी शिटी आली. लांब, कानठळ्या बसवणारी. आणि तिच्या पाठोपाठ काकूंचा आवाज.

"मी हयच आसंय गोऽऽ!"

इथेच आहे म्हणे! मी वर बघितलं. काही दिसलं नाही. पण आवाज वरून येत होता यात शंका नव्हती. काकू त्या सांगाड्यावर चढल्या होत्या. जिचं तोंड त्यांना बघवत नव्हतं तिच्यावर. गंजलेल्या सळयांवर पाय ठेवत, स्टुलावरही न चढणाऱ्या काकू.

"काकू!"

"मी हयच आसंय! बोलत रव!"

त्या शिटी वाजवायच्या, ओरडायच्या, पुन्हा शिटी. मधेच किंचाळायच्या. लोखंड करकरलं की ते मला खाली ऐकू यायचं आणि लगेच त्यांची किंकाळी. किंकाळीनंतर शिव्या. पवनचक्कीला, मिठागरवाल्याला, धुक्याला, मला. मी उत्तर द्यायचे. पाणी बरगड्यांना लागलं तसं माझा श्वास तुटायला लागला आणि बोलणं जमेना. मी गप्प झाले की वरून आवाज दुप्पट व्हायचा. "ए! ए चेडवा! गप नको रवां! सात सक्कं?" आणि मी दात वाजवत म्हणायचे, "बेचाळीस."

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. पाणी छातीच्या वर आलं होतं. हनुवटी वर करून मी उभी होते आणि एखादी काडी तरंगत तोंडाजवळ आली तरी जीव जात होता. मग माझ्या मागून, खाडीच्या बाजूने, एक पुरुषी आवाज आला.

"कोन हाय गो थय? शिटी कोन वाजवतंय?"

"इथे! इथे आहे मी!"

तिवरांतून एक होडी आली. दोघे कोळी, जाळी काढायला निघालेले, धुक्यामुळे खाडीत थांबून राहिलेले. शिटीच्या रोखाने त्यांनी होडी आत घातली होती. त्यातला वयस्कर माणूस होडीतली फळी चिखलावर टाकून तिच्यावर पालथा झोपला आणि त्याने माझ्या काखेत हात घातले.

"बाय, पाय वडू नको. नुसता हलव. पानी शिरूं दे आत. घाबरू नको, आता तुला सोडत नाय."

त्याने माझ्या मांडीभोवतीचा चिखल हातांनी उकरला. पाणी आत शिरलं आणि चिखलाची पकड सैल झाली. आधी एक पाय निघाला, मग दुसरा. बूट दोन्ही तिथेच राहिले. मला होडीत घेतलं तेव्हा माझे पाय शिंपल्यांनी कापलेले होते आणि ते माझे आहेत असं मला वाटत नव्हतं.

"ती वर कोन हाय?" धाकट्याने विचारलं. शिटी अजून चालूच होती.

"आमच्या काकू," मी म्हणाले.

काकूंना खाली आणायला त्याला वर चढावं लागलं. त्यांची बोटं लोखंडाला अशी गच्च बसली होती की ती एकेक करून सोडवावी लागली. एक एक सळई, एक एक पाऊल, त्याने त्यांना पाठीशी राहून उतरवलं. खाली आल्यावर त्या तिथेच मातीत बसल्या. तळहात सोलून निघाले होते. आवाज पार गेला होता. माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघितलं आणि ओठ हलवले. आवाज आला नाही, पण कळलं. त्या "बूट कुठेत?" असं विचारत होत्या.

सोसायटीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. आणि पसरली ती अशी की पोरगी चिखलात अडकली आणि काकू पवनचक्कीवर अडकल्या. पहिल्या भागाला लोक हळहळायचे, दुसऱ्या भागाला हसायचे. "वर चढल्या खऱ्या, पण उतरायची हिंमत कुठली! बोंबलत बसल्या तिथेच." खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ तर जिन्यात भेटले की विचारायचे, "काय काकू, आज कुठे चढणार?" काकू हसायच्या. एकदाही त्यांनी कुणाला उलट उत्तर दिलं नाही.

मला त्यानंतर बरेच दिवस ताप होता. ताप गेला पण बाथरूमच्या ओल्या फरशीवर पाय ठेवता येईना. पावलाला पाणी लागलं की छातीपर्यंत काहीतरी चढायचं. काकू बाहेर स्टूल टाकून बसायच्या आणि दाराआडून मला ऑफिसातले जुने दावे सांगायच्या, आणि का कुणास ठाऊक, ते ऐकत मला आंघोळ करता यायची. गडांवर मी परत गेले नाही. काकूंनी मिठागर सोडलं. पुढल्या रविवारपासून त्या घरातल्या घरात, बाहेरच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत चालायला लागल्या, पंखा टाळून.

लग्न झालं आणि मी बोरिवलीला आले. नवऱ्याला मी ही गोष्ट सांगितली होती आणि ती त्याची आवडती गोष्ट झाली होती. घरी कुणी आलं की तो सांगायचा. एका दुपारी काकू जेवायला आल्या, तेव्हा त्याने त्यांच्यासमोरच पाहुण्यांना सांगितली. अभिनय करून सांगितली, शिटीसकट. "आणि आपल्या काकू वरच अडकल्या!" सगळे हसले. काकूही हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

नंतर स्वयंपाकघरात त्या मला ताटं पुसून देत होत्या. बाहेर अजून हसणं चाललं होतं.

"त्याच्यावर रागावू नका हं काकू," मी म्हणाले. "वर अडकल्यावर तुम्हाला काय वाटलं असेल ते त्याला कळत नाही."

"अडकले नव्हते गं," काकू म्हणाल्या. ताट पुसतच होत्या.

"म्हणजे?"

"धुक्याच्या वर डोकं काढावं, कोणी दिसतंय का बघावं, म्हणून चढले. वरती पण सगळं पांढरंच. काय म्हणजे काय दिसलं नाही. होडी नाही, हायवे नाही, तू नाहीस. म्हटलं उतरू. अर्ध्यावर आले पण होते."

"मग?"

"तू खाली रडत होतीस, काकू जाऊ नका म्हणून. खालून ओरडले असते तर आवाज बांधाच्या पलीकडे गेला नसता. वरून तुला पण ऐकू जात होतं आणि कोणी असलंच तर त्याला पण. मग परत वर गेले." त्यांनी ताट उजेडात धरून बघितलं आणि बाजूला ठेवलं. "उतरायचं कसं? तू सारखी मधेच गप व्हायचीस."

मी नळ बंद केला. इतकी वर्षं मीही ती गोष्ट तशीच सांगत आले होते, अडकल्या म्हणून.

"पण काकू, तुमची बोटं सुटत नव्हती. त्या माणसाने एकेक बोट सोडवलं, मी बघितलं ना. तुम्ही किंचाळत होतात."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू इतकी वर्षं त्यांच्या घरात राहूनही मला साधी गोष्ट कळली नव्हती.

"किंचाळणार नाही तर काय करणार?" त्या म्हणाल्या. "अगं, ती पवनचक्की हलत होती. भीती काय खोटी होती होय?"